मोहिनीची वंशावळ

रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी मे १९५१ मध्ये पांढऱ्या वाघाचा बछडा पकडवला. त्याचं नाव मोहन. गोविंदगडला त्याची बेगम या पिवळ्या वाघिणीशी जोडी लावली, पण एकही पिल्लू पांढरं निघालं नाही. मग त्याला त्याच्याच मुलीशी, राधाशी, जुगवलं. १९५८ च्या वेतातली चारही पिल्लं पांढरी होती. त्यांतली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात गेली.

तिथे तिला जोडीदार मिळाला सॅम्सन. तो बापाकडून तिचा सावत्र भाऊ आणि आईकडून सख्खा मामा! त्यांचा मुलगा रमण. पुढे मोहिनीची जोडी त्याच्याशीच लावली. मोहन आणि बेगम एकमेकांच्या नात्यातले नव्हते असं धरून वंशावळीवरून हिशेब केला, तर मोहिनीचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५ येतो, आणि तिला रमणपासून झालेल्या पिल्लांचा ०.४३७५. म्हणजे पिल्लाच्या कुठल्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता जवळपास ४४ टक्के.

पांढऱ्या वाघांच्या तिरळेपणाचं खापरही सर्रास याच नात्यांवर फोडतात. कागद तसं सांगत नाहीत. गिलरी आणि कास यांनी १९७३ मध्ये एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू त्यात चुकीच्या बाजूला गेलेले दिसले, सयामी मांजरात जातात तसे. तो दोष रंगद्रव्याच्या कमतरतेशी जोडलेला आहे. पांढऱ्या रंगामागचा बदल २०१३ मध्ये चिनी संशोधकांना सापडला: एका प्रथिनात ४७७ व्या जागी अॅलनिनऐवजी व्हॅलिन. बस्स, एवढाच. जवळच्या नात्याने या बदलाच्या दोन प्रती एकत्र आणल्या. पण त्याच वाटेने दुसरे लपलेले दोषही एकत्र येतात.

त्याचा पुरावा वाघांच्या नव्हे, खुरवाल्या प्राण्यांच्या नोंदींत निघाला, तोही मोहिनीच्याच प्राणिसंग्रहालयात. कॅथरीन राल्स, क्रिस्टिन ब्रगर आणि जोनाथन बॅलू यांनी तिथल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी काढल्या आणि पिल्लांचे आईबाप नात्यातले होते का, ते लावून पाहिलं. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आला: १६ पैकी १५ जातींत नात्यातल्या जोडप्यांची पिल्लं लहानपणी जास्त दगावत होती. प्रयोगशाळेची गरजच पडली नाही. कारकुनी नोंदी पुरल्या.

आज जोड्या लावताना वंशावळ आधी पाहतात. ज्याचे नातलग सर्वांत कमी, त्याला प्राधान्य. पांढऱ्या वाघांची मुद्दाम पैदास थांबवा, असं अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने सदस्यांना सांगितलं ते मात्र २०११ मध्ये.