कसोटीचीही कसोटी : क्षयाच्या निदानाची गोष्ट

'कसोटी' हा शब्द सराफाच्या दुकानातला. काळ्या दगडावर सोनं घासायचं आणि कस पाहायचा. पण दगडच खोटा निघाला तर? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी हा प्रश्न नीट कळला तो क्षयरोगाचा इतिहास वाचताना. आपलं सोलापूर गिरण्यांचं, यंत्रमागांचं, विड्या वळणाऱ्या बायकांचं. जुना खोकला इथे कुणाला नवा नाही.

24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पुढे शंभरावर वर्षं निदान म्हणजे काय, तर बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. स्वस्त आणि सोपं काम. पण एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत. रिपोर्ट म्हणतो, 'जंतू दिसला नाही'. आपण वाचतो, 'रोग नाही'. या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे बघा! प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं अधिक भरवशाचं, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर रोगी थांबतो, रोग थांबत नाही.

मग बाजारात रक्ताच्या झटपट तपासण्या आल्या. उत्तर लवकर मिळायचं, पण चुकीचं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका म्हणून सांगितलं आणि 2012 मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. झटपट म्हणजे खरं नव्हे, हा धडा तिथे मिळाला.

त्याच सुमारास जीनएक्सपर्ट आलं. आपल्याकडे त्याला सीबीनॅट म्हणतात. बेडक्यातला जंतूचा डीएनए शोधायचा आणि रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल का, तेही दोन तासांच्या आत सांगायचं! 2010 मध्ये 1,730 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लिमा, बाकू, केपटाऊन, दरबान यांच्याबरोबर आपली मुंबईही होती. जंतू वाढवून क्षय पक्का झालेल्यांपैकी ज्यांचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, अशा 561 पैकी 551 जणांना एकाच चाचणीने ओळखलं. ज्यांचे दिसले नव्हते, अशा 171 पैकी 124 जणांना. टाळ्या जरूर वाजवा, पण उरलेल्या 47 जणांचं काय?

आणखी एक मेख आहे. मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो. त्यामुळे औषधं पूर्ण करून बरा झालेला माणूसही काही वेळा 'पॉझिटिव्ह' येतो. शिवाय यंत्राला अखंड वीज हवी, थंड खोली हवी. आपल्या मे महिन्याचा उन्हाळा त्याला सोसायचा कसा? म्हणून गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट महत्त्वाचं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली.

शेवटचा मुद्दा. आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला एक अभ्यास 2014 मध्ये आला. नव्या चाचणीमुळे जास्त रुग्णांना त्याच दिवशी औषध सुरू झालं, पण पुढे त्यांचा आजार काही जास्त कमी झाला नाही. कारण डॉक्टर आधीपासूनच अनुभवाच्या आधारावर अनेकांना औषध देत होते.

तेव्हा चाचणी किती अचूक, एवढं विचारून भागत नाही. तिच्यामुळे माणूस वाचला का, तेही विचारावं लागतं. आणि आपल्या घरात रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण खोकला, ताप, वजन घटणं चालूच राहिलं, तर गप्प बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. त्या 47 जणांत आपलंही माणूस असू शकतं.