‘क्षत्रिय’मध्ये अक्षरे किती?

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका वाचनालयात मी एक छोटे व्याख्यान दिले. पूर्व उपनगरांत माणसे कुठून कुठून येऊन राहिली, हा विषय होता. गृहनिर्माण संस्थांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका मी वर्षानुवर्षे गोळा करतो. त्यांतला मजकूर निरनिराळ्या ओळखीच्यांकडून संगणकावर टंकून घेतला होता आणि मूळ गावांची मोजदाद करण्यासाठी मीच एक प्रोग्रॅम लिहिला होता. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, “अहो, आमच्या एका चाळीतच कऱ्हाडची चार बिऱ्हाडं होती. तुमच्या यादीत अख्ख्या मुलुंडमध्ये दोन कशी?”

मी तेव्हा काहीतरी सारवासारव केली. घरी येऊन स्मरणिका पुन्हा हाताने चाळल्या. आजींचेच बरोबर होते. ‘कराड’ असे लिहिलेल्या नोंदी मी आधीच मिळवून घेतल्या होत्या, तरी ‘कऱ्हाड’च्या बऱ्याच नोंदी निसटल्या होत्या. त्या कागदावर होत्या, पडद्यावरही होत्या; प्रोग्रॅमला मात्र दिसत नव्हत्या.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. १९९०च्या दशकात घाटकोपरला डीटीपीची कामे केली आणि चाळिशी उलटल्यावर पायथन ही संगणकभाषा पुस्तिका वाचून शिकलो. त्यामुळे चूक कुठे झाली हे शोधायला मला पुन्हा पुस्तिकांकडेच जावे लागले. त्या पुस्तिका काय सांगतात आणि काय सांगायचे राहून जाते, यालाही एक इतिहास आहे.

अर्धा र आणि त्याची दोन रूपे

मराठीत ‘र’ जोडाक्षरात पहिला आला की तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक रफार, दुसरा ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला आडवा अर्धा र. हा फरक शोभेचा नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हिंदीला या अर्ध्या र-ची गरज पडत नाही. म्हणून सर्व भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेत ठरवताना त्याला जागा कुठे द्यायची, हा प्रश्न आलाच.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या इस्की या मानकाने एक तोड काढली. द्राविडी भाषांतला कठोर र दाखवण्यासाठी देवनागरीत ‘ऱ’ हे नुक्त्याचे अक्षर होतेच; त्याला हलन्त जोडला की मराठी अर्धा र उमटावा. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेला आहे. पण १९९६च्या युनिकोड २.० या आवृत्तीत अर्ध्या र-साठी वेगळा मार्ग सांगितला गेला: साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक, ज्याला रुंदीच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत इस्कीची रीत मुख्य नियम झाली आणि जुनी रीत सुसंगतीसाठी पोटनियम म्हणून राहिली. मानकात ते आर५ आणि आर५ए या नावांनी आहेत.

पोटनियम म्हणून राहिलेली गोष्ट व्यवहारातून जात नाही. एका कळफलकाने एक रूप टंकले, दुसऱ्याने दुसरे. छापल्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात; यंत्रापुढे ते दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या टंकलेखकांत दोन्ही सवयींची माणसे होती. त्यात भर म्हणजे काही प्रोग्रॅम ‘निरुपयोगी’ अदृश्य चिन्हे काढून टाकतात. मग जोडक जातो, रफार येतो आणि दऱ्यांचा दर्या होतो.

अशा वेळी पुस्तिका ‘सामान्यीकरण’ नावाचा उपाय सुचवते: दिसायला एक असलेली रूपे एकच करून घ्या, मग तुलना करा. मी ते केले. ‘र’ आणि सुटा नुक्ता मिळून ‘ऱ’ झाला, पण जोडकाचे रूप होते तसेच राहिले. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपे समतुल्य नाहीत, म्हणून हा उपाय त्यांना शिवत नाही. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते, आणि माझी यादी चुकीची होती.

चोवीस, आठ, पाच, तीन

‘कॅरेक्टर’ हा शब्द संगणकात रूढ झाला तेव्हा इंग्रजीचा एक वर्ण म्हणजे स्मृतीतला एक बाइट, असे साधे समीकरण होते. १९६३च्या अॅस्की मानकात एकंदर १२८ संकेत आणि सात बिट. ‘लांबी म्हणजे किती कॅरेक्टर’ या वाक्यात तेव्हा संदिग्धता नव्हती. वाक्य तेच राहिले, जग बदलले.

आता ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तो साठवायला २४ बाइट लागतात. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३ला लांबी विचारली तर उत्तर ८: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. वाचकाला दिसणारा घटक मोजण्याचे युनिकोडचे नियम बरीच वर्षे ५ सांगत: क्, ष, त्, रि, य. सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि उत्तर ३ झाले. पहिलीतले मूल जे आधीपासून सांगत होते, ते मानकात यायला तीन दशके लागली.

आपल्या व्याकरणाने हा गोंधळ फार पूर्वी सोडवला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले. मराठी व्याकरणात वर्ण वेगळा आणि अक्षर वेगळे. ‘क्षत्रिय’मध्ये अक्षरे तीन, वर्ण आठ. पायथनचे आठ आणि व्याकरणाचे आठ जुळले हा योगायोग. ‘कमल’मध्ये वर्ण सहा आहेत आणि पायथन तीन सांगतो.

‘कमल’ चालते, ‘कमला’ चालत नाही

एखाद्या शब्दात केवळ अक्षरेच आहेत ना, हे तपासण्याची सोय पायथनमध्ये आहे. ‘कमल’ दिले तर होकार येतो, ‘कमला’ दिले तर नकार, कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना हे ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ आहे. मजकुरातून शब्द वेगळे काढण्याची नेहमीची खूण वापरली, तर ‘मराठी’चे दोन तुकडे हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. ज्याचे नाव काना-वेलांटीमुळे एखाद्या अर्जाच्या रकान्यात नाकारले जाते, त्याला ही वर्गवारी कोण समजावणार?

पुस्तिका येथे खोटे बोलत नाही. अक्षर म्हणजे युनिकोडच्या कोणत्या वर्गातली चिन्हे, हे तिने नोंदवले आहे. युनिकोडची ‘वर्णात्मक’ ही व्याख्या याहून वेगळी आहे, असा इशाराही दिला आहे. पण तो इशारा मराठी माणसाला लागू पडतो, हे कळायला त्याला आधी उत्तर माहीत असावे लागते. ‘कमला’चे एक उदाहरण तिथे असते, तर एका ओळीत काम झाले असते.

जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षररचनाकाराने देवनागरी संगणकावर नीट दिसावी म्हणून काम केले. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. अक्षर दिसण्याच्या प्रश्नाला असे वाली लाभले. अक्षर मोजण्याचा, शोधण्याचा, तुलना करण्याचा प्रश्न मात्र पुस्तिकांच्या पानांवर राहिला, आणि त्या पानांवर आपली उदाहरणे क्वचितच दिसतात. पायथनसारख्या मुक्त भाषांच्या पुस्तिकांत सुधारणा कोणालाही सुचवता येते. त्यासाठी मोठा प्रोग्रॅमर असावे लागत नाही. नेमके उदाहरण आणि ते का चुकते याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण लागते. ‘लांबी’च्या नोंदीत चार उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत, ‘तुलने’च्या नोंदीत अर्ध्या र-ची दोन रूपे दाखवावीत, एवढेच मागणे आहे.

मी माझा प्रोग्रॅम दुरुस्त केला: आधी जोडकाचे रूप ‘ऱ’मध्ये बदलायचे, मग मोजायचे. सुधारलेली यादी वाचनालयात नेऊन दिली आणि जुन्या यादीवर ‘चुकीची’ असे लिहून तीही तिथेच ठेवली. आजींच्या चाळीतली चार बिऱ्हाडे आता नव्या यादीत आहेत.