पहिला डाव कच्चा

पत्त्यांचा नवा डाव चार जणांना शिकवायला बसलेल्या गृहस्थाइतका केविलवाणा प्राणी दुसरा नसेल. "हुकूम बोलायचा, मग हात करायचे, पण समजा हुकूम बोलणाऱ्याकडेच..." इथपर्यंत तो उत्साहाने येतो. मग समोरच्या चार चेहऱ्यांकडे पाहतो. एक जण चहाची वाट बघतोय, दुसरा पत्ते उलटे धरून बसलाय. शेवटी गृहस्थ हात टेकतो आणि म्हणतो, "जाऊ दे, खेळता खेळता कळेल. पहिला डाव कच्चा!" आणि गंमत अशी, की खेळता खेळता खरंच कळतं.

या एका वाक्यावर अमेरिकेत एक अख्खा धंदा उभा राहिला, असं माझं मत आहे. त्या धंद्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाचसहा माणसं टेबलाभोवती बसतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण पंच. तो सांगतो, "तुम्ही भुयारात आहात. पुढे अंधार आहे. काय करता?" प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. म्हणजे म्हटलं तर भातुकलीच. भातुकलीत "तू मेलास", "नाही मेलो" यावरून झिंज्या उपटल्या जातात आणि आईला मध्ये पडावं लागतं. इथे आईच्या जागी वीस बाजूंचा फासा आहे, एवढाच काय तो फरक.

या भातुकलीचं घराणं मात्र लष्करी निघावं, हा नियतीचा विनोद. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ छापून आणला. दोन बाजू आणि मध्ये निर्णय देणारा पंच. पुढे १८८० मध्ये अमेरिकेत टॉटन नावाच्या लष्करी माणसाने 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं एक तत्त्व मोठं मजेदार होतं. खेळाडूला काय वाटेल ते करून बघायची मुभा आणि ते जमेल का हे पंचाने ठरवायचं. हे पुस्तक सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटात डेव्हिड वेझली नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडलं. जुनी पुस्तकं विद्यार्थ्यांच्या हाती पडू देऊ नयेत ती यासाठी.

वेझलीने १९६९ साली एक खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंनी दोन सैन्यं. पण खेळायला माणसं आली ढीगभर. आपल्याकडे पंगतीला ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात. वेझलीने गावात माणसं घातली. तू नगराध्यक्ष हो, तू सावकारी पेढीवाला हो, तू विद्यापीठाचा कुलगुरू हो! मग काय विचारता! सगळे आपापल्या कारस्थानात दंग. कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुज. दोघे येऊन म्हणाले, "आमचं द्वंद्वयुद्ध ठरलंय." त्याचे नियम वेझलीकडे कुठले असणार? त्याने उभ्याउभ्या काहीतरी ठरवलं आणि फासे टाकले. रात्र सरली, लढाई राहिलीच. खेळ साफ फसला, असं म्हणून बिचारा वेझली खट्टू झाला. आणि मंडळी म्हणाली, "पुन्हा कधी?"

या मंडळींत डेव्ह आर्नसन नावाचा एक वल्ली होता. पुढच्या एका खेळात तो सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून खिशात घालून आला होता, असं सांगतात. वेझली लष्करी सेवेत गेल्यावर खेळ आर्नसनने चालवायला घेतला. १९७१ मध्ये त्याने 'ब्लॅकमूर' नावाचा एक मुलूख, त्यात किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारं कल्पिली आणि मित्रांना त्यात सोडून दिलं. नियम लागतील तसे बनत होते. ते त्याच्या वहीत कमी आणि डोक्यात जास्त. तुम्हीआम्ही मसाल्याचं प्रमाण आजीला विचारावं आणि तिने "अंदाजाने घाल" म्हणावं, तसा प्रकार.

दुसरीकडे विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीत नोकरीला. याने १९६८ च्या ऑगस्टमध्ये गावातला हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाडं देऊन घेतला आणि खेळवेड्यांचं संमेलन भरवलं. बागकामवाल्यांच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं रणगाडे आणि तोफा मांडून बसली. प्रवेश एक डॉलर. भाडं निघालं, आणि या हिशोबाने जे कुठलं संमेलन भाडं काढतं ते यशस्वी समजावं. याचंच नाव 'जेन कॉन'. पुढच्या वर्षीच्या संमेलनात गायगॅक्स आणि आर्नसन यांची गाठ पडली.

१९७० मध्ये गायगॅक्सची विम्याची नोकरी गेली. तो घरच्या तळघरात बूट दुरुस्त करू लागला आणि उरलेल्या वेळात खेळ लिहू लागला. १९७२ च्या अखेरीस आर्नसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगरी गाडी काढून लेक जिनीव्हाला आले. पाचशेवर किलोमीटर, थंडीचे दिवस. कशासाठी, तर आपला खेळ दाखवायला. बरोबर धड नियमपुस्तकही नाही. आर्नसन पंच झाला, गायगॅक्स आणि त्याचे मित्र बसले, आणि एका बैठकीत ब्लॅकमूरच्या भुयारात शिरून बाहेर आले.

या धंद्यातलं पहिलं मोठं प्रात्यक्षिक मी तरी हेच मानतो. विचार करा, आर्नसनने तोच खेळ टपालाने कळवला असता तर? "तुम्ही भुयारात असता आणि काय वाटेल ते करू शकता," एवढं वाचून कुठल्या शहाण्या माणसाने पत्राला उत्तर दिलं असतं? खेळवून दाखवला म्हणून गायगॅक्सला तो पटला. त्याने टिपणं मागवली, पन्नास पानांचा खर्डा केला, त्याची पुढे दीडशे पानं झाली. विम्यातला माणूस! कोण किती घावांत मरेल याचे तक्ते करण्यात त्याचा हात कोण धरणार?

छापायला पैसे हवे होते. बालमित्र डॉन के याने आपल्या विमा पॉलिसीवर हजार डॉलर कर्ज काढलं. पुन्हा विमा! १९७३ मध्ये दोघांनी कंपनी काढली, पाठोपाठ ब्रायन ब्लूम भांडवल घेऊन आला, आणि १९७४ च्या जानेवारीत तीन चोपड्यांचा खोका बाजारात आला. किंमत दहा डॉलर. हजार प्रती, हातांनी खोक्यात भरलेल्या. वर्षभरात संपल्या.

संपल्या खऱ्या, पण विकत घेणाऱ्याला त्या वाचून कळत होत्या असा गैरसमज नको. चोपड्यांत तक्त्यामागून तक्ते. खेळ सुरू कसा करायचा, ते मात्र नीट सापडेना. शेवटी नवशिक्यांसाठी नियम सोपे करून लिहायचं काम एरिक होम्स यांनी अंगावर घेतलं आणि ते १९७७ मध्ये छापून आलं. हे होम्स पेशाने कोण? विद्यापीठात मज्जातंतूशास्त्राचे प्राध्यापक! नियम समजावून द्यायला मेंदूचा डॉक्टर आणावा लागला, असा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही.

तोवर खेळ पसरला तो कुणीतरी कुणालातरी बसवून दाखवला म्हणूनच, आणि त्याची सोयीस्कर जागा म्हणजे संमेलनं. तिथे पंचाची खरी परीक्षा. समोर सहा अनोळखी माणसं, हातात मोजके तास, सोंगं आधीच तयार करून ठेवलेली. नियमांचं कीर्तन लावलंत तर श्रोते उठून शेजारच्या टेबलावर जातात. म्हणून कसलेला पंच पहिल्या पाच मिनिटांत भुयाराच्या तोंडाशी नेऊन उभं करतो आणि नियम लागेल तेव्हा चिमूटभर वाढतो.

माझ्या भाच्याला हे तंत्र पक्कं ठाऊक आहे. त्याने मलाही एकदा पकडून बसवलं. हातात कागद दिला. त्याप्रमाणे मी धर्मगुरू होतो. "मामा, समोर बंद दार आहे. आतून गुरगुरणं ऐकू येतंय. तू काय करतोस?"

"कडी वाजवतो," मी म्हणालो.

टेबलावरची पोरं हसायला लागली. ती तलवारी काढून बसलेली. भाचा मात्र हसला नाही. क्षणभर थांबला आणि आवाज बदलून म्हणाला, "आतून कुणीतरी विचारतंय, कोण आहे?" पुढचा पाऊण तास त्या राक्षसाशी माझी भाड्याच्या करारावर बोलणी चालली होती. कडी वाजवण्याचा नियम कुठल्याही चोपडीत नसेल. पण टॉटनसाहेबांचा नियम होता: काय वाटेल ते करून बघावं, पंचाने निर्णय द्यावा.

अर्थात सगळेच पंच इतके मायाळू नसतात. १९७५ च्या जुलैमध्ये बाल्टिमोरला 'ओरिजिन्स' नावाचं संमेलन पहिल्यांदा भरलं. तिथल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने एक थडगं रचलं. बढाया मारणाऱ्या खेळाडूंची जिरवायची, हा त्यातला उदात्त हेतू. पावलोपावली सापळे, तलवार जितकी मोठी तितका उपयोग कमी. शूर मंडळी रांगेने मेली आणि बाहेर येऊन अभिमानाने "मी कसा मेलो" ते सांगत बसली. 'टूम ऑफ हॉरर्स' या नावाने ते थडगं १९७८ मध्ये छापून विक्रीला आलं.

मग व्हायचं तेच झालं. खेळ चालला, पैसा आला, भांडण आलं. मानधनावरून आर्नसन १९७९ मध्ये कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. खेळ कुणाचा? ज्याने टेबलावर बसून चालवला त्याचा, की ज्याने बसून कागदावर उतरवला त्याचा? लिहिणारा नसता तर खेळ मिनेसोटातल्या त्या मित्रमंडळाबरोबर म्हातारा झाला असता. खेळवणारा नसता तर लिहायला काही नव्हतंच. आपल्याकडे ओवी कुणाची, जात्यावर गाणारीची की वहीत उतरवून घेणाऱ्याची, हा प्रश्न कोर्टात गेला नाही, कारण ओवीत पैसे नव्हते. गायगॅक्स २००८ मध्ये गेला, आर्नसन २००९ मध्ये. पहिल्या खोक्यावर दोघांची नावं शेजारीशेजारी आहेत. मला विचाराल तर तोच निकाल बरा होता.

जेन कॉन २००३ पासून इंडियानापोलिसला भरतं. २०२४ मध्ये तिथे सत्तर हजारांवर माणसं आली होती. शंभरांच्या जागी सत्तर हजार झाले, तरी नवा खेळ घेऊन आलेल्या माणसाची तऱ्हा तीच: एक टेबल, सहा अनोळखी चेहरे आणि घसा कोरडा. पुस्तकं आता रंगीत आणि जाडजूड आहेत, पण ती उघडायच्या आधी त्यालाही तेच म्हणावं लागतं. खेळता खेळता कळेल.