पदराच्या गाठीपासून पासबुकापर्यंत

आपल्या भिवापूरच्या मिरचीचे नाव दूरच्या बाजारांत घेतले जाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र सातऱ्यावर बसून तिचे देठ खुडणाऱ्या बाईच्या मजुरीचे पुढे काय होते, हे कोणी लिहून ठेवीत नाही. हा पैसा पूर्वी पदराच्या गाठीत जाई, तेथून डाळीच्या डब्यात, आणि साठला की सोनाराकडे. पोराची फी, सासऱ्याचे औषध, ऐन पेरणीच्या वेळचे बियाणे, या साऱ्या अडचणींना तोच धावून येई. घरात त्याला सारे जण ‘बाईचा पैसा’ म्हणत. पण हा पैसा खरोखर बाईचा आहे, असे सरकारने केव्हा मानले आणि कितपत मानले? मंडळाच्या वर्धापनदिनी जमाखर्चाचा आढावा आपण घेतोच. त्यासोबत हाही आढावा घ्यावा, म्हणून हा लेख.

स्त्रीधनाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर याने तर तिचा अर्थ पुष्कळ व्यापक केला. वारशाने, खरेदीने किंवा वाटणीने स्त्रीकडे आलेले द्रव्यही त्याने स्त्रीधनातच धरले. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी हा अर्थ बराच आखडला. पतीच्या मागे विधवेकडे आलेल्या जमिनीचा तिने हयातीपुरता उपभोग घ्यावा, विकावयाची झाल्यास तशी गरज सिद्ध करावी, आणि तिच्या मागे ती जमीन पतीच्या वारसांकडे जावी, असा दंडक पडला. जमीन तिच्या ताब्यात असे. तिची मात्र ती नसे.

भोसल्यांचे नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत बनला. पुढे १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. त्यात एक लहानसे कलम आहे. विवाहित स्त्रीने ठेवलेली रक्कम तिला स्वतःला परत देता येईल, आणि तिने दिलेली पावती पुरेशी समजली जाईल, असे ते सांगते. आज हे वाचताना हसू येते. परंतु त्या काळी खुद्द इंग्लंडात लग्न झालेल्या बाईचा पैसा बहुतेक बाबतींत नवऱ्याचा समजला जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचे मोल कळते. १८८२ पासून पोस्टात बचत बँक सुरू झाली आणि थोडक्या रकमेचे खाते खेड्यापाड्यांपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली.

विम्याच्या बाबतीत आपल्याला अधिक थांबावे लागले. विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा १८७४ चा. पतीने पत्नीच्या नावे विमा उतरविला तर त्या रकमेवर पतीच्या सावकारांचा हक्क पोचू नये, अशी सोय त्यात आहे. मात्र आपल्या भागातील हिंदू, मुसलमान, शीख व जैन कुटुंबांना ती १ एप्रिल १९२३ पासून मिळाली. म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी!

वारशाच्या कायद्याची चालही अशीच संथ. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण तोही हयातीपुरताच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मात्र तिच्या ताब्यातील मिळकतीची ती पूर्ण मालकीण ठरली. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशाने २००५ साली.

आता शेताकडे पाहू. आपल्या भागातील मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. मधला मालगुजार गेला आणि कास्तकाराचा सरकारशी सरळ संबंध आला. निंदण, खुरपण, तोडणी सारे बायकांच्या हातचे; पण कागदावरचा कास्तकार बहुधा पुरुषच राहिला. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, ती बँकेच्या लेखी शेतकरीण नाही. हे ओळखून शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा, असे तिचे आवाहन होते. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. सोय झाली, तिचा लाभ किती घरांनी घेतला, हे प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा पाहून ठरवावे.

सोन्याचे प्रकरण याहून निराळे. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा देशभरच्या स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून संरक्षण निधीला दिले. लगोलग जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. नवा दागिना चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा करू नये, असा नियम झाला. परदेशातून चोरून येणारे सोने थांबावे आणि लोकांची बचत उत्पादक कामी लागावी, हा त्यामागचा हेतू होता व तो वाईट म्हणता येणार नाही. पण सोने म्हणजे अडकून पडलेला पैसा, हे सरकारचे म्हणणे खेड्यातल्या बाईला कसे पटावे? तिच्या पाटल्या हीच तिची बँक होती. रात्री-अपरात्री गहाण ठेवून तासाभरात रक्कम हाती येई आणि कोणाची सही लागत नसे. चौदा कॅरटची अट १९६६ साली गेली. नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत टिकला. पुढे मे १९९४ मध्ये प्राप्तिकर खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली की, झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे आणि अविवाहित मुलीचे २५० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. स्त्रीधनाची जुनी कल्पना अशी सरकारी परिपत्रकात आली.

सोन्याला पर्याय म्हणून बँक जवळ यावयास हवी होती. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व त्यांच्या शाखा ग्रामीण भागात निघू लागल्या. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. तीत स्त्री प्रतिनिधी घरोघर जाऊन पोस्टाच्या आवर्त ठेवीचे हप्ते गोळा करू लागल्या. १९७४ साली पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक स्त्रियांनी काढली. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महिन्याला थोडे थोडे साठविणाऱ्या बायकांना त्यामुळे तारणावाचून कर्ज मिळू लागले. भिशी आपल्याला ठाऊक होतीच. बचत गटाने तिला हिशेबाची वही आणि बँकेचे दार दिले.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढावयाचे ठरविले. प्रवर्तक बायका अंगठा उठविणाऱ्या, या कारणाने परवाना प्रथम नाकारला गेला. बायका साक्षरतेचे धडे घेऊन पुन्हा अर्ज करावयास गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

कराच्या कायद्याची दृष्टी मात्र संशयाची आहे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या रकमेवर जे व्याज येते ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरावे, हा नियम १९३७ पासून आहे, आणि २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही तो राहिला आहे. कर चुकविण्यासाठी पुष्कळांनी बायकोचे नाव वापरले असते, म्हणून हा नियम झाला. खाते बायकोच्या नावावर असले तरी पैसा तिचा असेलच असे नाही, हे सरकारनेच यात ओळखले आहे! मधल्या काळात, २००५ च्या अर्थसंकल्पापासून, स्त्रियांना करमाफीची मर्यादा थोडी अधिक होती. २०१२-१३ पासून तीही सर्वांना सारखी झाली.

याच संशयाची कसोटी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी लागली. पाचशे व हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि घरोघरचे डबे उघडावे लागले. नवऱ्याला ठाऊक नसलेली रक्कम त्याच्यादेखत मोजली गेली. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी करणार नाही, असे सरकारने सांगितले होते. तरीही ग्वाल्हेरच्या एका गृहिणीवर कराची आकारणी झाली. तिने अपील केले, आणि २०२१ साली प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. घरखर्चातून वर्षानुवर्षे राखलेली शिल्लक लपविलेले उत्पन्न ठरत नाही, असे त्याने मानले. डाळीच्या डब्याला मिळालेला हा न्याय आपण विसरू नये.

२०१४ च्या जनधन योजनेत उघडलेल्या खात्यांपैकी निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत. ऑगस्ट २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले, आणि कधी बँकेची पायरी न चढलेल्या कित्येक जणी रांगेत उभ्या राहिल्या. १८७३ च्या त्या लहान कलमापासून येथवर दीडशे वर्षे गेली. नाव लागावे यासाठीचा झगडा पुष्कळसा जिंकला गेला आहे.

आता उरला आहे तो हाताचा प्रश्न. पासबुक आपल्या नावाचे, पण ते मुलाच्या पेटीत. कार्डाचा गुप्त आकडा नवऱ्याला पाठ. बँकेत नोंदविलेला मोबाईल क्रमांक दिराचा. म्हणजे पैसे आल्याचा निरोप आणि पैसे काढण्याचा परवानगीचा आकडा, दोन्ही त्याच्याकडे. पदराची गाठ सोडताना कोणाला विचारावे लागत नव्हते. खाते आल्यावर जर विचारावे लागत असेल, तर आपण पुढे आलो की मागे गेलो? नवरा किंवा मुलगा वाईट असतो असे मला म्हणावयाचे नाही. बहुतेक घरांत हे सोयीखातरच चालते. पण घरावर संकट येते, वाटणीचा वाद निघतो, बाई एकटी पडते, त्या दिवशी सोय उपयोगी पडत नाही.

म्हणून एक सूचना करते. मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले पासबुक घेऊन यावे. त्यात शेवटची नोंद कधीची आहे, मोबाईल क्रमांक कोणाचा आहे आणि नामनिर्देशन कोणाचे आहे, एवढे तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांसाठी स्वीकारते, आपोआप मालक होत नाही, हेही समजून घ्यावे. ठेव कोठे ठेवावी याचाही विचार व्हावा. १९६२ साली ठेवींचा विमा सुरू झाला तेव्हा एका बँकेतील १,५०० रुपयांपर्यंतच संरक्षण होते. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाखांपर्यंत आहे. गावातल्या भिशीला किंवा पतसंस्थेला हा विमा लागू नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारच्या भगिनीने वाचून दाखवावे. म्हसवडच्या बायका सही शिकल्या. आपल्यापैकी प्रत्येकीने निदान आपला मोबाईल क्रमांक आपल्या खात्याला लावून घ्यावा. त्यासाठी बँकेत एक अर्ज लागतो, आणि त्यावर सही आपलीच लागते.