कुएर्नावाकाच्या भिंतीवरचा वसईकर

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, डोंगरउतारावर कुएर्नावाका हे वसाहतकालीन शहर आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी तिथे बांधलेल्या मठाचे चर्च आज शहराचे कॅथेड्रल आहे. गेल्या शतकात त्याचे नूतनीकरण करताना चुन्याच्या थरांखाली मोठी भित्तिचित्रे सापडली. त्यांचा विषय मात्र जपानचा आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत हिदेयोशीच्या हुकमाने क्रुसावर चढवलेल्या 26 ख्रिस्ती लोकांची ही कथा.

त्यांतला फेलिपे दे हेसुस मेक्सिको शहरात जन्मलेला. त्यामुळे तिकडच्या लोकांना हा प्रसंग घरचा वाटतो. पण त्याच 26 जणांत गोन्सालो गार्सिया होता आणि तो आपल्या वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, असे मानले जाते. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. 1862 मध्ये रोमने दोघांनाही संतपद दिले.

मेक्सिकोच्या पठारावरची पुएब्ला, ग्वानाहुआतो ही शहरे पाहायला जग लोटते. स्पेनची सत्ता 1821 मध्ये गेली, पण वस्ती राहिली. चौकात बाजार भरतो, चर्चची घंटा वाजते. वसईचे तसे झाले नाही. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी घेतलेले हे ठाणे मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकले. तटातले पोर्तुगीज शहर पुढे ओस पडले. आज तिथे बिनछपराची चर्चे आणि झाडांनी धरलेल्या भिंती उरल्या आहेत.

मराठी इतिहासात वसई म्हटले की 1739 चा विजय आठवतो, आणि तो आठवावाच. माझे म्हणणे एवढेच, की त्या विजयाआधीची दोनशे वर्षे परक्यांच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. त्या काळात तटाच्या आत-बाहेर इथलीच माणसे जगत होती. आमच्या हिमायतनगरला जुनी माणसे अजून वाढोणा म्हणतात. एक नाव लागले म्हणून दुसरे पुसले जात नाही. वसईतही हे दोन्ही इतिहास आपलेच आहेत.

कुएर्नावाकाच्या लोकांनी चुना खरवडला, तेव्हा त्यांना आपल्या फेलिपेबरोबर आपला गोन्सालोही सापडला. वसईच्या पडक्या चर्चसमोर उभे राहताना तेवढे खरवडण्याचे काम आपलेही आहे.