शाळेचे दार आणि शाळेचा पट

सोलापुरात भाषा किती, असे कोणी विचारले की आपण मोठ्या अभिमानाने बोटे मोजू लागतो : मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. या चारही भाषांतून महापालिकेच्या प्राथमिक शाळा चालत आल्या आहेत. परंतु शाळेचे दार सर्वांना उघडे असणे आणि सर्वांची मुले पटावर असणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. सोलापूर ज्या मुंबई इलाख्यात होते, त्याच इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण कंपनीच्या संचालकांपर्यंत पोचले आणि १८५८ मध्ये सरकारने जाहीर केले की, सर्वस्वी सरकारी खर्चाच्या शाळा सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील. दार उघडले खरे. पण १८८२ च्या हंटर आयोगाच्या सुमारास इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्य गणलेल्या जातींची मुले शेकडा एकही नव्हती.

सोलापुरात जातीच्या जोडीला गिरणीचा भोंगाही होता. १८७० नंतरच्या दशकात येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे सात पुरी झालेल्या पोराला नऊ तास राबविण्यास मोकळीक होती! १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आणि १९२२ मध्ये बारा वर्षांवर गेली. शाळेचे वय गिरणीच्या हातून सुटण्यास अशी चाळीस वर्षे लागली. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरातील हातमागाला मात्र हा कायदा लागूच नव्हता. तेथे मुलगा कांड्या भरी, आणि विड्या वळणाऱ्या आईच्या हाताशी मुलगी बसे.

पुढे १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या कराव्यात असे इलाख्याच्या कायदेमंडळाने सांगितले. धारवाडच्या त्या निर्णयानंतर पासष्ट वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली, यातच सारे आले.

मातृभाषेतील शाळेने मूल बुजत नाही, आईला गुरुजींशी बोलता येते. हा लाभ थोडा नव्हे. तथापि एकाच पेठेतली मुले वेगवेगळ्या वर्गांत वाढतात, ही त्याची किंमतही मान्य केली पाहिजे.

२०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा दर जूनमध्ये पट भरला की आपण भाषा जरूर मोजाव्यात. पण आपल्या गल्लीतले कोणते नाव त्या पटावर नाही, हे आधी पाहावे.