वादळाच्या वाटेवरचे हौशी

१७४३ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली २१ तारीख. (ही तारीख त्या वेळच्या जुन्या पंचांगानुसार आहे.) त्या रात्री नऊच्या सुमारास चंद्रग्रहण होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया गावात बेंजामिन फ्रँकलिन ते पाहण्याच्या तयारीत होता. पण संध्याकाळी सातच्या सुमारास ईशान्येकडून जोराचा वारा सुटला, आभाळ भरून आले आणि ग्रहण काही दिसले नाही.

निराशा झाली खरी, पण त्यात नवल काही नव्हते. नवल पुढेच होते. फ्रँकलिनचा भाऊ बोस्टनला राहत असे आणि बोस्टन हे फिलाडेल्फियाच्या ईशान्येस आहे. वारा ईशान्येकडून आला, म्हणजे वादळही तिकडूनच आले असणार आणि बोस्टनला ते आधी पोचले असणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात बोस्टनच्या लोकांनी ग्रहण व्यवस्थित पाहिले होते. तिथे वादळ सुरू झाले ते अकराच्या सुमारास.

या ठिकाणी ग्रहणाने एक मोठे काम केले. त्या काळी दोन गावांची घड्याळे जुळवून पाहण्याचे साधन नव्हते. चंद्रग्रहण मात्र सगळीकडून एकाच क्षणी दिसते. त्यामुळे वादळ कुठे आधी आले आणि कुठे नंतर, याविषयी शंका घेण्यास जागाच उरली नाही. फ्रँकलिनने इतर गावांतील बातम्याही ताडून पाहिल्या. किनाऱ्याने जसजसे ईशान्येस जावे तसतसे वादळ उशिरा सुरू झाल्याचे त्याला आढळले. त्याच्या हिशेबाने दर शंभर मैलांमागे सुमारे एका तासाचा फरक पडत होता. वारा ईशान्येकडून वाहत होता, पण वादळ नैऋत्येकडून येत होते!

हे कसे घडते? फ्रँकलिनने कालव्याचा दाखला दिला. कालव्याचे दार उघडले की आधी दाराजवळचे पाणी हलते, मग त्याच्या मागचे, मग त्याच्याही मागचे. पाणी दाराकडे वाहते, पण हालचाल मात्र दारापासून मागे मागे सरकत जाते. दाखला सुरेख होता, परंतु उत्तर अपुरे होते. तरी एक गोष्ट कायमची ठरली. वाऱ्याची दिशा आणि वादळाच्या प्रवासाची दिशा या दोन वेगळ्या बाबी आहेत.

पुढचे पाऊल टाकले ते एका खोगीर बनवणाऱ्या कारागिराने. विल्यम रेडफील्ड याचा जन्म १७८९ सालचा. कनेटिकट राज्यात मिडलटाऊनजवळ तो खोगिरे आणि घोड्यांचा साज बनवण्याचे काम शिकला. त्याचे शालेय शिक्षण बेताचेच होते. ३ सप्टेंबर १८२१ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने एक भयंकर चक्रीवादळ वर सरकत गेले. दुपारच्या सुमारास ते नॉरफोकला होते आणि संध्याकाळी न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या धक्क्याशी पाणी एका तासात तेरा फूट चढल्याची नोंद आहे. रात्री ते कनेटिकटमध्ये शिरले.

त्यानंतर लवकरच रेडफील्ड प्रवासाला निघाला. वाटेत जागोजागी झाडे उन्मळून पडली होती. मिडलटाऊनच्या आसपास झाडांचे शेंडे वायव्येकडे होते, म्हणजे वारा आग्नेयेकडून आला होता. पण पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये पोचल्यावर त्याला उलटे चित्र दिसले. तिथे शेंडे आग्नेयेकडे होते. त्याने लोकांना वेळा विचारल्या. जेमतेम शंभर किलोमीटर अंतरावरच्या या दोन ठिकाणी, एकाच वेळी, वारे अगदी विरुद्ध दिशांनी वाहत होते.

एकाच वादळात हे कसे शक्य आहे? वादळ हा हवेचा एक प्रचंड भोवरा असेल तर शक्य आहे. मुलांचा भोवरा स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी जमिनीवर सरकतोही. तसेच हे वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत होते आणि फिरता फिरता किनाऱ्याने वर सरकत होते. त्याचा मध्य मिडलटाऊनच्या पश्चिमेकडून गेला, म्हणून तिथे वारा आग्नेयेकडून आला. मध्याच्या पलीकडच्या बाजूस तो वायव्येकडून आला. फ्रँकलिनचे कोडेही यातून सुटते. वारा हे भोवऱ्याचे फिरणे आणि वादळाचा प्रवास हे त्याचे सरकणे.

हा विचार रेडफील्डने दहा वर्षे स्वतःजवळच ठेवला. १८३१ साली एका आगबोटीवर त्याची येल महाविद्यालयातील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांच्याशी गाठ पडली. ओल्मस्टेड यांच्या आग्रहावरून त्याने लेख लिहिला आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. जहाजांच्या रोजनिश्या, वर्तमानपत्रे, गावोगावच्या लोकांची पत्रे यांतून वेळा आणि दिशा वेचून त्याने वादळांचे मार्ग नकाशावर मांडले. १८४८ मध्ये विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या अमेरिकेतील मोठ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष हाच खोगीर बनवणारा झाला.

सर्वांना हे पटले असे मात्र नाही. जेम्स एस्पी नावाचे एक शिक्षक होते. हवा तापून वर चढते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि वादळाला बळ मिळते, हा त्यांचा विचार आजही मान्य आहे. पण त्यावरून त्यांचे म्हणणे असे, की वारे चारी बाजूंनी सरळ मध्याकडेच धावले पाहिजेत. पुरावा म्हणून त्यांनीही पडलेली झाडेच दाखवली! रेडफील्ड आणि एस्पी यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यात कटुताही आली. दोघेही अर्धे बरोबर होते. हवा आत ओढली जाते आणि फिरतेही. ती वळणे घेत मध्याकडे जाते.

ती वळते का, हे उलगडणारा विल्यम फेरेल हा नॅशव्हिल गावचा शाळामास्तर होता. लहानपणी शेतावर राबताना तो धान्याच्या कोठाराच्या दारावर दाताळ्याने भूमितीच्या आकृत्या कोरत असे. १८५६ साली त्याने दाखवले, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहता वारा आपल्या उजवीकडे वळतो. मध्याकडे निघालेली हवा त्यामुळे सरळ न जाता मध्याभोवती फिरू लागते. हा निबंध छापून आला तो गावातल्या एका वैद्यकीय मासिकात!

दरम्यान ही विद्या आपल्याकडेही पोचली होती. विल्यम रीड या इंग्रज लष्करी अभियंत्याने रेडफील्डच्या कामावरून प्रेरणा घेऊन १८३८ साली वादळांच्या नियमांवर पुस्तक लिहिले. ते कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनच्या हाती पडले. हा गृहस्थ पूर्वी जहाजाचा कप्तान होता. बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या जमवून त्याने एकेका वादळाचा माग काढला. खलाशांसाठी १८४८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याने या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्दावरून, सापाच्या वेटोळ्याची कल्पना मनात ठेवून त्याने ते बनवले. पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या असत आणि त्यांवर वाऱ्याचे बाण काढलेले असत. चकती नकाशावर ठेवून वाऱ्याची दिशा जुळवली की वादळाचा मध्य कुठे आहे, हे कप्तानाला कळे.

कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे घाटू लागले, तेव्हा १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर जनरलना उद्देशून इशारा लिहिला. चक्रीवादळाबरोबर समुद्र आत शिरेल आणि सारे वाहून जाईल, असे त्याने बजावले. त्याचे कोणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारला. १८६७ च्या चक्रीवादळाने बंदराची वाताहत केली आणि पुढे ते सोडून द्यावे लागले. त्याआधी १८६४ मध्ये खुद्द कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे दगावली होती. अशा आपत्तींनंतर आणि पावसाने दगा दिल्याच्या अनुभवानंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तिकडे अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या जोसेफ हेन्रींनी १८४९ मध्ये सुमारे दीडशे हौशी निरीक्षकांना हाताशी धरून नोंदी सुरू केल्या होत्या. तारायंत्रामुळे त्या नोंदी वादळाच्या आधी पुढच्या गावी पोचू लागल्या.

आज उपग्रह वादळाचा डोळा थेट दाखवतात. मग ही जुनी कथा वर्गात का सांगावी? कारण चित्र पाहून वादळ कुठे आहे हे कळते, पण आपल्या अंगणातला वारा असाच का वाहतो हे कळत नाही. ते मुलांना स्वतः शोधता येते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे सरकत १७ तारखेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. पारदर्शक कागदाची एक चकती कापा. तिच्यावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे आणि किंचित आत वळलेले बाण काढा. पश्चिम किनाऱ्याच्या नकाशावर ती समुद्रातून उत्तरेकडे सरकवत न्या आणि मुलांना रत्नागिरीवर बोट ठेवायला सांगा. वादळ दक्षिणेस असताना वारा पूर्व-आग्नेयेकडून येतो. मध्य बरोबर पश्चिमेस आला की तो साधारण दक्षिणेकडून येतो, आणि वादळ पुढे गेल्यावर नैऋत्येकडे झुकतो. म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की वादळाचा मध्य साधारणपणे आपल्या डाव्या हाताला असतो.

‘चक्रीवादळ’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्यातले ‘चक्र’ मात्र सहज सापडलेले नाही. एक हुकलेले ग्रहण, पडलेल्या झाडांचे शेंडे आणि गावोगावच्या लोकांनी प्रामाणिकपणे टिपलेल्या वेळा यांतून ते हाती आले. पुढच्या वादळाच्या वेळी आपल्या शाळेतील मुलांनी सुरक्षित जागी राहून दर तासाला वाऱ्याची दिशा वहीत टिपून ठेवली आणि किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शाळेच्या वहीशी ती ताडून पाहिली, तर तीही या हौशी माणसांच्याच रांगेत जाऊन बसतील.